नसलेल्या फांदीचे नऊ दोर

“दोर ओढू नकोस गं. फांदी आहे तिथंच तिला धरायचं. ओढलीस, तर बर्फाच्या आधी तूच मोडशील तिला.”

आमच्या ह्यांचं हे सांगणं मी चाळीस वर्षं ऐकलं. आज कानामोरीबाईंच्या बागेतल्या दगडी दिव्याला गवती चटई गुंडाळताना ते पुन्हा कानात आलं आणि हातातली गाठ सैल पडली.

“मित्सुए, दिव्याला वाजू दे थोडी थंडी. आधी वर बघ,” बाई ओसरीवरून म्हणाल्या. शाळेतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी आवाज अजून वर्गातलाच.

मी वर पाहिलं. पाइनच्या बुंध्यालगत उभ्या केलेल्या उंच बांबूच्या टोकाशी, शिडीवर तामोत्सु होता. हा ह्यांच्याबरोबरच शिकलेला माळी, वयानं सत्तरीचा. बर्फाच्या ओझ्यानं फांद्या मोडू नयेत म्हणून सकाळपासून तो वरून एकेक दोर सोडत होता आणि मी खाली फांद्यांना बांधत होते. एव्हाना दरवर्षीसारखी दोरांची छत्री उघडायला हवी होती. पण बांबू एका बाजूला कलला होता.

“वहिनी, तोल नाही ह्याला,” तामोत्सु ओरडला. “इकडून सोळा दोर ओढतायत, तिकडून एकही नाही. आमच्या घरासारखं झालंय. एकीकडे बायको, सासू, तीन मुली. दुसरीकडे मी एकटा.”

बाई हसल्या नाहीत.

“मग तोडा ते झाड. लंगडं झालंच आहे. एकतीस बागा सांभाळणारा तुझा इवाओ, आणि बांधायची विसरला कोणती फांदी? माझी! आजारी होता, कबूल. पण बायकोला सांगायला तोंड तर होतं ना? तामोत्सु, पुढच्या आठवड्यात करवत घेऊन ये.”

वर्षभर बाई हेच बोलत होत्या. देवळात बोलल्या, बाजारात बोलल्या. वर्षभर मी मान खाली घालून ऐकत होते.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात ह्यांची उजवी बाजू गेली. सगळ्या बागा तामोत्सुनं आणि इतरांनी वाटून घेतल्या. ह्या पाइनची खालची फांदी मात्र ह्यांनी कुणाला दिली नाही. फाटकापासून दिव्यापर्यंत आडवी पसरलेली ती फांदी. तिच्याखालून येताना मुख्याध्यापकसुद्धा वाकतात, असं बाई कौतुकानं सांगायच्या. “ती तू बांध,” हे मला म्हणाले. “नऊ दोर. तुझा हात हलका आहे.”

मी जाणारच होते. पण तो आमच्या पंथाच्या गुरूंच्या पुण्यतिथीचा सप्ताह होता. रोज पहाटे अमिदा बुद्धापुढे भात ठेवल्याशिवाय मी पाणी पीत नाही. सप्ताहात देवळाच्या स्वयंपाकघरात राबायचं, हाही माझा तीस वर्षांचा नेम. अझुकीच्या लाल दाण्यांची आमटी ढवळताना रोज मनाशी म्हणायची, उद्या बांधीन, देवाचं काम आधी. खरं सांगायचं तर देवळात बायका होत्या, गप्पा होत्या, ऊब होती. घरी आजारपण होतं आणि बागेत गार वारा.

संध्याकाळी हे विचारायचे, “नऊही बांधलेस?” दोन दिवस मी विषय बदलला. तिसऱ्या दिवशी विचारताना त्यांचा ओठ इतका थरथरला, की मी म्हटलं, “बांधले.”

खोटं न बोलण्याचाही माझा नेम होता.

चौथ्या पहाटे समुद्राकडून गडगडलं. बुरी नावाचे मासे किनाऱ्याला आणतो म्हणतात तो गडगडाट एरवी डिसेंबरात व्हायचा, तो महिनाभर आधीच झाला. पाठोपाठ ओला, जड बर्फ. उजाडल्यावर तामोत्सु दारात येऊन म्हणाला, “बाईंची फांदी गेली. पार बुंध्यापासून.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. तामोत्सु गेल्यावर शब्द जुळवत जुळवत म्हणाले, “पुढच्या वर्षी त्या बाजूलाही बांध. नऊ.”

“तिथं फांदीच नाही आता.”

“जमिनीत खुंट्या मार, त्यांना बांध. नाहीतर उरलेल्यांचा तोल जाईल. बांधशील ना?”

“हो.”

“ओढू नकोस.”

मार्चमध्ये, झाडांचे दोर सोडायच्या दिवसांत, हे गेले.

दिव्याची गाठ मी पुन्हा घट्ट केली. मग ओसरीपाशी जाऊन पायरीखाली गुडघे टेकले.

“बाई, ते विसरले नव्हते. मला सांगितलं होतं त्यांनी. मी देवळात गेले आणि घरी येऊन ‘बांधले’ असं खोटंच सांगितलं.”

शिडीवरचा तामोत्सु खोकला आणि उगीचच दोर तपासू लागला.

बाईंनी खांद्यावरची शाल सारखी केली.

“त्याच्या अंत्यविधीलाही मी बोलले होते.”

“ऐकलं होतं मी.”

“आणि गप्प बसलीस.”

“हो.”

“त्या सप्ताहात आमटी मीही प्याले. दोन वाट्या मागून घेतल्या.” बाईंचा वर्गातला आवाज कुठे गेला कोण जाणे. “उद्या येईन उदबत्ती लावायला. तुझ्यासाठी नाही हं, त्याच्यासाठी.”

“या, बाई.”

“आणि ह्या लंगड्याचं काय करायचं?”

मी हातगाडीवरची ताडपत्री सरकवली. खाली नऊ खुंट्या होत्या, घरूनच टोकं काढून आणलेल्या. बादलीत गवताचे नऊ दोर मऊ भिजत होते.

बाईंनी खुंट्या पाहिल्या, मग झाडाकडे पाहिलं.

“खालचं शेवाळ उखडू नकोस,” एवढंच म्हणाल्या. मग वर बघून, “तामोत्सु, करवतीचं राहू दे.”

“मी आणलीच कुठं होती!” तामोत्सु म्हणाला. “वहिनी, हाक मारा, दोर वर घेतो.”

ओले दोर खांद्यावर घेतले. एका हातात खुंट्या, दुसऱ्या हातात लाकडी हातोडा. नाम घेत दिव्याला वळसा घातला आणि फाटकाच्या बाजूला, जिथं ती फांदी होती तिकडे निघाले.

जाताना सवयीनं मान वाकवली.