आठ खाचांचे कुलूप

"पण अहो, कुलुपाकडे बघून चावी घासली, तर ती बसणारच की."

बायको हे म्हणाली तेव्हा चावीवाला तिच्या पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून उद्याच्या भाषणाची तालीम करत होता. एका हातात पितळी कुलूप, दुसऱ्या हातात चावी, आणि आवाज असा की खाली रस्त्यावरच्या माणसाने वर बघावे. तोंड उघडे होते ते तसेच राहिले.

"म्हणजे?" त्याने विचारले.

"काही नाही. मनात आलं ते बोलले. तुम्ही चालू द्या."

पण आता काय चालू देणार. एवढी वर्षे दर वर्षी एका रविवारी चर्चमध्ये हे भाषण होत होते, आणि मंडळींना ते इतके पाठ झाले होते की मधल्या विनोदावर लोक आधीच हसत. मुळात कल्पना त्याची स्वतःची, कुलूपही स्वतःच्या हाताने केलेले. त्याच्या चावीला आठ खाचा, आणि प्रत्येक खाच सहा मापांपैकी एका मापाची. आठ वेळा सहा घेऊन एकमेकांना गुणत गेले की सोळा लाख एकोणऐंशी हजार सहाशे सोळा निरनिराळ्या चाव्या होतात, आणि त्यांतली एकच हे कुलूप उघडते. हा आकडा तो एका दमात म्हणत असे.

मग तो सांगे की संदेष्ट्यांनी येशूच्या शेकडो वर्षे आधी असेच एक कुलूप करून ठेवले होते, येणाऱ्या तारणाऱ्याच्या खुणांचे. जन्म बेथलेहेमात व्हायचा. शहरात यायचे ते गाढवावर बसून. विकला जायचा तो चांदीच्या तीस नाण्यांना. आरोप होतील तेव्हा गप्प राहायचे. हातापायांना खिळे, कपड्यांच्या वाटणीसाठी शिपायांच्या चिठ्ठ्या, अंगातले एकही हाड मोडायचे नाही, आणि पुरायचे ते श्रीमंताच्या कबरीत. आठ खाचा, आणि त्या सगळ्या बसल्या एकट्या येशूला. "कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते, कबूल," तो म्हणे. "पण एकाच झाडावर, एकाच दिवशी, आठ फांद्या? मग तो कावळा नव्हे, मंडळी, तो सुतार आहे." इथे लोक हसत. आणि मग तो डब्यातून चुकीच्या चाव्या लोकांना काढायला लावी. एकही चावी फिरत नसे. शेवटी खरी चावी खिशातून काढून तो कुलूप उघडी.

हे भाषण त्याने सर्वांत आधी बायकोला ऐकवले होते. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. तिच्या माहेरी देवाचे नाव फक्त शपथ घ्यायच्या वेळी निघे. ती दुपारभर दुकानात बसून डब्यातली एकेक चावी घालून बघत राहिली, बोटे पितळेने काळी झाली, आणि दिवे लागायच्या सुमाराला म्हणाली, "ठीक आहे. मी येते तुमच्याबरोबर." तिने बाप्तिस्मा घेतला तो त्या कुलुपावर भरवसा ठेवून. पुढे त्याच्या शेजारी बसून तीही चाव्या घासायला शिकली. बारीक कामात तिचा हात त्याच्यापेक्षा हलका.

आता पोटातल्या दुखण्याने ती अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितले होते, आणि ते का सांगतात हे दोघांनाही ठाऊक होते. त्याला एकच काळजी होती. तिने घाबरत जाऊ नये. बाकी सगळे तो सोसायला तयार होता.

"तुला शंका आली का?" तो खाली बसला.

"भांडायचं नाहीये मला. रात्री झोप लागत नाही, मग डोक्यात किडा वळवळतो. ज्यांनी येशूची गोष्ट लिहिली, त्यांना त्या आठ खाचा माहीत होत्या ना? कुलूप समोर होतं त्यांच्या. आपण नाही का करत तसं? कोरी चावी आत घालायची, दाबायची, काढायची, कुठं खूण उमटली बघायची, तेवढंच घासायचं."

"ते खोटं कशाला लिहितील?"

"खोटं कोण म्हणतंय. आपण खोटं करतो का? गिऱ्हाइकाचं दार उघडावं म्हणून करतो." ती भिंतीकडे वळली. "तुम्ही म्हणाला होतात म्हणून मी बाप्तिस्म्याच्या पाण्यात उतरले हो. आता दुसरीकडे उतरायची वेळ आलीय. म्हणून विचारलं."

तो उठला, खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. मेव्हणी स्वयंपाकघरातून बाहेर आली. बहिणीची सेवा करायला ती येऊन राहिली होती, आणि तिच्या जिभेला हाड नव्हते. "भाऊजी, एक तर आत बसा नाहीतर दुकानात जा. तुमच्या येरझाऱ्यांनी माझं डोकं गरगरायला लागलंय," ती म्हणाली. तो जिना उतरून दुकानात गेला.

दुकान म्हणजे जिन्याखालची फळी, चावी आवळून धरायचा शिकंजा आणि भिंतीवर टांगलेल्या कोऱ्या चाव्या. बसतो न बसतो तोच पलीकडच्या इमारतीतल्या एक बाई धावत आल्या. दार ओढले गेले, चावी आत, दूध गॅसवर.

"लवकर चला हो काका. सगळं उतू जाईल."

तो हत्यारे घेऊन गेला. कोरी चावी मेणबत्तीवर धरून काजळली, कुलुपात घातली, हलकेच पीळ दिला, बाहेर काढली. काजळीत बारीक चकाकते ठिपके उमटले होते. ठिपक्यावर कानस. पुन्हा आत. पुन्हा ठिपका. कुलूप स्वतःच सांगत होते, इथे घास, इथे नको. हे काम त्याने हजारदा केले असेल, पण आज प्रत्येक ठिपक्याबरोबर बायकोचा आवाज ऐकू येत होता. खरेच, ह्यात नवल ते काय? न बसली तरच नवल. त्याने कानस जरा जोरात मारली. खाच जास्त खोल गेली. गेलेले पितळ परत लावता येत नाही. नवी कोरी चावी घेऊन पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, आणि दार उघडेपर्यंत जिनाभर करपल्याचा वास पसरला होता.

"तुमच्या हातून असं कधी होत नाही," बाई म्हणाल्या. रागावल्या असत्या तर त्याला बरे वाटले असते.

तसाच तो पाळकसाहेबांकडे गेला. पाळकसाहेब त्याला मुलगा शोभावेत अशा वयाचे, पण डोक्याने शांत. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"काकूंचा प्रश्न रास्त आहे," ते म्हणाले. "पण काका, जन्म कुठं व्हावा हे कुणी स्वतः ठरवतं का? आणि शिपाई काही शास्त्र वाचून चिठ्ठ्या टाकत नव्हते."

"ते मीही म्हणेन. पण शिपायांनी काय केलं हे आपल्याला लिहिणाऱ्यांनीच सांगितलं ना?"

पाळकसाहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "मग लिहिणाऱ्यांकडे बघा. त्यांनी त्या गोष्टीसाठी मार खाल्ला, काहींनी जीव दिला. पोटासाठी चावी घासणारा माणूस त्या चावीपायी मरायला तयार होईल का?"

हे त्याला पटले. येताना पाऊल जरा हलके पडत होते. घरी येऊन त्याने जसेच्या तसे बायकोला सांगितले. तिने नीट ऐकले.

"हे चांगलं आहे," ती म्हणाली. "म्हणजे ती माणसं खरी होती."

"हो ना."

"मग तेच सांगायचं होतं तुम्ही मला तेव्हा. आकडा कशाला सांगितलात?"

रविवारी तो चर्चमध्ये उभा राहिला तेव्हा त्याच्या खिशातला हात सारखा चावी चाचपत होता. भाषण तोंडपाठ असल्यामुळे जीभ आपली आपण चालत राहिली. आठ खाचा झाल्या, कावळा झाला, लोक हसले. डबा पुढे सरकवला. पहिल्या रांगेतल्या निवृत्त टायपिस्ट बाई, जाड चष्म्याच्या, दर वर्षी हौसेने पुढे येत. त्यांनी डब्यात हात घालून एक चावी काढली, कुलुपात घातली, आणि सवयीप्रमाणे "नाही बाई" म्हणत फिरवली.

कुलूप उघडले.

आधी कुणाला कळलेच नाही. मग मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. टायपिस्ट बाई चष्मा सावरत म्हणाल्या, "हे मी केलं का?" एकाने "बाईंना लॉटरी लागली" म्हटले आणि सगळे हसले. चावीवाल्याने ती चावी हातात घेऊन उजेडात धरली. खरी चावी शेजारी धरली. सात खाचा हुबेहूब, आठवी एका मापाने उथळ. डब्यातल्या चाव्या त्यानेच केल्या होत्या, मुद्दाम फसव्या, खरीच्या जवळपासच्या. त्याने कुलूप हातात घेऊन कानापाशी हलवले. आतून सैल खुळखुळाट आला. काय झाले ते त्याला लगेच समजले.

हसून वेळ मारून नेता आली असती. पाळकसाहेब तर स्तोत्र सांगायला उठलेही होते. त्याने हाताने त्यांना थांबवले.

"ह्यात चमत्कार नाही," तो म्हणाला. "कुलूप झिजलंय. इतकी वर्षं मी ह्यात चाव्या घालतोय, तुम्हीही घालताय. आतल्या पिनांची टोकं गेली. आता एकोणीस-वीसची चावीही चालते. म्हणजे तो सोळा लाखाचा आकडा केव्हाच खरा राहिलेला नाही, आणि मी तो दर वर्षी तुम्हाला सांगत आलो."

चर्चमध्ये आता कुणी हसत नव्हते.

"आणि काल मला माझ्या बायकोनं विचारलं की कुलुपाकडे बघून चावी घासली असेल तर काय? पाळकसाहेबांनी मला चांगलं उत्तर दिलं. ते मला पटतं. पण पटणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. माझा विश्वास आकड्यावर उभा आहे असं मी समजत होतो. आकडा तर आत्ता तुमच्यासमोर पडला. विश्वासही पडतो का, ते बघतोय मी मघापासून." तो थांबला. बोटांनी अजून दोन्ही चाव्या घट्ट धरल्या होत्या. "पडत नाहीये. का, ते मला सांगता येत नाही. एवढंच."

तो खाली बसला. स्तोत्राला आज कुणाचाच सूर नीट लागला नाही. बाहेर पडताना दोघेतिघे त्याच्याशी न बोलता गेले, आणि एक म्हातारे गृहस्थ त्याचा दंड दाबून गेले.

वाटभर त्याला एकच घोर होता. घरी काय सांगायचे? सगळे छान झाले म्हणावे? तिच्यापाशी तो आजवर कधी खोटे बोललेला नव्हता. पण आजवर तिला हे असे दिवसही आले नव्हते. खरे सांगावे तर तिच्या हातातली उरलीसुरली काठी आपणच काढून घ्यायची. जिन्यात तो दोनदा थांबला.

मेव्हणी औषधे आणायला बाहेर गेली होती. बायको जागी होती.

"कसं झालं?"

"उघडलं," तो म्हणाला.

"ते तर दर वर्षी उघडतं."

"डब्यातल्या चावीनं उघडलं. टायपिस्ट बाईंनी."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिच्या ओठाचा कोपरा हलला, आणि ती हसली. पोटाला हात लावून, दुखत असतानाही हसली. कित्येक दिवसांत तो आवाज घरात ऐकू आला नव्हता. त्याने सगळे सांगितले, पिना, खुळखुळाट, आपण काय बोललो तेही.

"मी तुला फसवलं का गं?"

"छे." ती दमली होती, शब्द सुटे सुटे येत होते. "किती फरक होता त्या चावीत?"

"एका खाचेचा. एका मापाचा."

"आणि तरी उघडलं?"

"तरी उघडलं."

"मग बरं झालं की. मी सारखी हेच बघत होते, माझं कुठं कुठं बसत नाही ते. प्रार्थना नीट होत नाही, राग येतो, शंका येतात. सोळा लाखांत एक म्हणजे माझ्यासारखीनं आत यायचंच नाही. मला त्या आकड्याचीच भीती वाटत होती हो." तिने हात पुढे केला. "आता तुम्ही प्रार्थना करा. छोटी करा."

त्याने तिचा हात धरला. प्रार्थनेला सुरुवात केली आणि अडला. त्याच्या प्रार्थना नेहमी भाषणासारख्या असत, एकापुढे एक कारणे मांडलेल्या. आज कारण एकही नव्हते. "प्रभू, ही माझी बायको आहे," तो म्हणाला, आणि पुढे त्याला काही येईना. ते तिला पुरेसे वाटले असावे. तिने डोळे मिटले.

बऱ्याच वेळाने दारावर लाथेने ठोकल्याचा आवाज आला. "भाऊजी, दार उघडा. दोन्ही हातांत सामान आहे माझ्या," मेव्हणी बाहेरून ओरडत होती. त्याला उठायचे होते, पण हात सोडवून घ्यावा असे वाटेना. मेव्हणीने पुन्हा ठोकले.

"उघडंच आहे," बायको डोळे न उघडता म्हणाली. "नुसतं लोटायचं."

त्यानंतर ती आणखी काही दिवस होती, पण बोलली नाही.