आधी कोणी उठायचं

जावा-जावा म्हटलं की हेवादावा आलाच, असं लोक धरूनच चालतात. या दोघींनी मात्र सगळ्या गल्लीची निराशा केली. धाकटी लग्न होऊन घरात आली तेव्हा तिला धड बटणसुद्धा लावता येत नव्हतं. थोरलीनं तिला क्रोशाचं विणकाम शिकवायचं ठरवलं. पण थोरली होती डावखुरी. डावखुऱ्या बाईच्या शेजारी बसून उजव्या हाताची बाई शिकणार काय, कपाळ? म्हणून थोरलीनं तिला समोर खुर्ची टाकून दिली. "आरशात बघतेस ना, तशी माझ्याकडे बघ," ती म्हणाली. "माझा हात जाईल तसा तुझा जाऊ दे." धाकटीनं तसं केलं, आणि पुढे जन्मभर तसंच करत राहिली.

खिडकीपाशी दोन खुर्च्या, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. दुपारची भांडी आवरली की दोघी बसायच्या आणि दिवेलागणीपर्यंत विणायच्या. बाजारातल्या हस्तकलेच्या दुकानाला बाळांच्या टोप्या, गोल रुमाल, टेबलावरची कापडं असं सगळं या दोघींच्या हातचं जायचं. बसण्याचा एक नियम होता. तो कोणी केला, कधी केला, देव जाणे. धाकटीनं थोरलीच्या आधी उठायचं नाही. मोठ्या जावेला कामाला बसवून आपण पाय मोकळे करायला जायचं, शोभतं का? पाठ भरून येवो, पायाला मुंग्या येवोत, ती आपली थोरलीच्या सुईकडे डोळे लावून बसायची. आणि थोरली उठायचं नाव घेईल तर शपथ!

अशाच एका दुपारी थोरली बसल्या जागी गेली. हृदय बंद पडलं. मान खाली, मांडीवर काम, सुई हातातच. धाकटीला कळलंसुद्धा नाही. समोरची उठली नव्हती, म्हणून तिनं आणखी एक अख्खा फेरा घातला, दोरा तोडला, आणि मग म्हणाली, "जाऊबाई, कात्री तुमच्याकडे आहे का?"

त्यानंतर माणसं आली, गेली, घर रिकामं झालं. दुकानवालीचा निरोप आला की जमणार नसेल तर सांगा, मी दुसरं कोणी बघते. धाकटीनं सांगितलं, जमेल. दोघींचं काम एकटीच्या अंगावर घेतलं आणि ती आपल्या खुर्चीत जाऊन बसली. पहिली साखळी घातली, दुसरी घातली, आणि समोर टिक् झालं.

थोरलीच्या बोटातली अंगठी जरा सैल होती. सुई वळवताना ती सुईला लागायची आणि टिक् वाजायचं. तोच आवाज. धाकटीनं मान वर केली नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं तर समोरच्या खुर्चीवर हात होते. डाव्या हातात सुई, उजव्या हातावर दोरा, करड्या रंगाचा, अशा रंगाचा गुंडा त्या घरात कधी आलेलाच नव्हता. ती घाबरलीच. पण खोटं कशाला सांगू, पुढच्याच क्षणी तिला इतकं बरं वाटलं की तिनं ओठ घट्ट मिटून घेतले, तोंडून चुकून आवाज निघायला नको म्हणून.

विणायला बसलं की थोरली यायची. सुई खाली ठेवली की नुसती खुर्ची. पाण्याला उठली, दाराला उठली, की खलास, पुन्हा यायला तिला बराच वेळ लागायचा, आणि दर वेळी जास्तच वेळ लागायचा. त्यामुळे धाकटीनं उठणंच सोडलं. पाणी पिणं कमी केलं. दाराची घंटा वाजली की आतून ओरडायची, "अहो, बघा हो कोण आहे!" नवरा पाणीखात्यातून निवृत्त झालेला, पेपर वाचणं हीच त्याची नोकरी. तो कुरकुरत उठायचा. आणि शिवाय नियम होताच की. मोठी उठल्याशिवाय उठायचं नाही. मेलेलं माणूस मात्र थकत नाही, ही अडचण तेव्हा तिच्या ध्यानात आली नव्हती.

हळूहळू कामातली गोडी गेली. पूर्वी नवा गुंडा उघडला की ती आधी तो गालाला लावून बघायची. आता पिवळा काय न् निळा काय, सगळा एकच चिखल. टाके इतके आवळून पडायला लागले की सुई आत शिरेना. एक टोपी तर अशी झाली की बाळ राहू दे, बाहुलीच्या डोक्यालाही बसली नसती. मग उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सूज आली. सकाळी चहाचा कप हातातून सुटला तेव्हा नवऱ्यानं पेपर बाजूला टाकला आणि तिला ओढतच हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी हाताला पट्टा बांधला. "काही महिने सुई बंद," ते म्हणाले. "पुढेसुद्धा मध्येमध्ये उठायचं, हात झटकायचे, चार पावलं चालायचं, झेपेल तेवढंच काम घ्यायचं. नाहीतर हा अंगठा कायमचा जाईल. मग विणणं सोडा, कुलपात किल्लीही फिरवता येणार नाही."

"मला काय सांगता? आमच्या जाऊबाईंना सांगा," धाकटी म्हणाली.

डॉक्टरांनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं छताकडे बघितलं. घरी येताना तो म्हणाला, "अगं, वहिनीला जाऊन वर्ष होऊन गेलं."

"माहीत आहे मला," ती फणकारली. "भ्रमिष्ट नाही झाले मी."

तिला सगळं नीट माहीत होतं, तीच तर पंचाईत होती. हात वाचवायचा तर थांबायला हवं, आणि थांबलं तर समोरची खुर्ची रिकामी. तिनं हिशेब केला आणि हात गेला तर गेला असं ठरवलं. दुपार झाली की पट्टा काढून उशीखाली सारायची.

मग दुकानवाली स्वतः घरी आली. एरवी निरोपावर काम भागवणारी बाई पिशवी घेऊन दारात उभी. पिशवीतून तिनं टेबलावरचं मोठं गोल कापड काढलं आणि पलंगावर पसरलं. "हे गिऱ्हाईकानं परत केलं," ती म्हणाली. "रागावू नका, पण हे तुम्ही कोणाकडून करून घेतलंत?"

"कोणाकडून म्हणजे? माझ्या हातचं आहे."

"अहो, बघा तरी. हे चार फेरे उजवीकडे कललेत, आणि हे पुढचे डावीकडे. मग पुन्हा उजवीकडे. हे दोन बायकांचं काम आहे. त्यातली एक डावखुरी आहे." तिनं आवाज खाली आणला. "तुमच्या जाऊबाई तर… तुम्हीच सांगितलंत ना मला?"

धाकटीनं कापडावरून बोट फिरवलं. डावीकडे कललेले टाके मऊ होते, एकसारखे होते. तिचे स्वतःचे कडक, आवळलेले. डाव्या हातानं विणायचं म्हटलं तर तिला एक साखळी जमली नसती. दमून, समोर बघता बघता, आपणच आरशाच्या पलीकडे गेलो की काय? की पलीकडचीनं हात पुढे करून आपलं काम उचललं? दोन्हींतलं काहीही असलं तरी तिची पाचावर धारण बसली. "चूक झाली," एवढंच ती म्हणाली. दुकानवाली कापड तिथंच टाकून निघून गेली, आणि चहालाही थांबली नाही.

नवऱ्यानं आता शहाणपणा केला. थोरलीच्या लेकीला बोलावून घेतलं. पुतणी लग्न होऊन लांब गेलेली, आईवर गेलेली, नाकासकट. ती आली आणि सवयीनं खिडकीपाशी गेली.

"तिथं नको बसू!" धाकटी किंचाळली.

पुतणी पलंगावर बसली. तिनं काकूचा सुजलेला हात मांडीवर घेतला, आणि तिचे डोळे भरून आले. "आईचाही असाच झाला होता गं," ती म्हणाली. "डावा. फोनवर सारखी म्हणायची, अंगठा ठणकतोय."

"जाऊबाईंचा? मला कधी बोलल्या नाहीत!"

"कशी बोलेल? मी म्हणायचे, आई, मध्ये उठत जा की. तर म्हणायची, कशी उठू? धाकटीचा हात बघ कसा चाललाय, तिला केवढी हौस! मी आधी उठले तर म्हणेल, म्हातारी झाली थोरली. शिवाय मी उठले की तीही उठणार, मग तिच्या आनंदावर विरजण कशाला घालू?"

"मला हौस?" धाकटीचा आवाज चिरकला. "अगं, माझी पाठ मोडायची! मी त्यांच्यासाठी बसत होते!"

पुतणीला आधी हसू आलं, मग तिनं तोंडावर हात ठेवला. धाकटीला हसावं की डोकं आपटून घ्यावं तेच कळेना. सारा जन्म एक हिच्या तोंडाकडे बघत बसली, एक तिच्या. कोणी एकीनं 'दमले गं बाई' म्हणायचा अवकाश होता. खुर्चीवर बसून माणूस मरत नाही हे तिलाही कळत होतं, पण आपणच जाऊबाईंना त्या खुर्चीत डांबून ठेवलं, हे तिच्या मनातून काही केल्या जाईना.

संध्याकाळच्या गाडीनं पुतणी गेली. नवरा तिला पोचवायला गेला. खिडकीतला उजेड उतरायला लागला तशी धाकटी पट्टा काढून खुर्चीत बसली. बराच वेळ काही नाही. नुसती दुखऱ्या हातानं एकेक टाका घालत राहिली. मग टिक्.

या वेळी तिनं मान वर करून सरळ बघितलं. आजवर धाडस केलं नव्हतं. समोर झुकलेली मान, मांडीवरून खाली उतरलेलं, जमिनीवर पसरून तिच्या पायांपर्यंत आलेलं करडं विणकाम, त्याला ना आकार ना काठ. आणि डावा अंगठा. मुळाशी टम्म सुजलेला, अगदी तिच्यासारखा. सुई वळताना तो थरथरत होता. मेल्यावरही.

"जाऊबाई," ती म्हणाली, "दुखतंय ना हो?"

सुई थांबली नाही.

"माझ्यासाठी बसलायत तुम्ही?"

टिक्. टिक्. धाकटीनं आपली सुई थांबवली नव्हती, म्हणून समोरचीही थांबत नव्हती. इतकं साधं होतं ते. आणि आता उठलं तर परत कधीच नाही, हेही तिला ठाऊक होतं. तिला उठायचं नव्हतं. अंगठा गळून पडला असता तरी चाललं असतं. पण तो समोरचा हात तिला बघवेना.

"मी दमले," ती म्हणाली. फेरा अर्धाच होता. तिनं सुई टाक्यातून काढली, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, आणि दोन्ही गुडघ्यांवर हात टेकून जाऊबाईंच्या आधी उठली.

नवरा आला तेव्हा खोलीत अंधार होता. त्यानं दिवा लावला. ती खुर्च्यांमध्ये उभी होती, आणि समोरच्या खुर्चीतल्या उशीवर वर्षाची धूळ जशीच्या तशी होती.

"अगं, काय झालं?"

"जाऊबाई गेल्या हो," ती म्हणाली.

वहिनीला खांदा दिलेला माणूस तो. त्याला पुष्कळ काही बोलता आलं असतं. "हो," तो म्हणाला, "गेली वहिनी." आणि धाकटी उभ्या उभ्याच, शेजारपाजारचे ऐकतील याची पर्वा न करता, मोठ्यानं रडायला लागली.