तांब्याची चकती आणि चाळीस मिनिटं

रुग्णालयाच्या सर्व्हरखोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. लहरीबाबांनी आधी एका रुग्णाचा स्कॅन दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवला. चाळीस मिनिटं लागली. मग राउटरवर तांब्याची चकती ठेवली, “लहरींनो, रांग मोडू नका, वाट सोडू नका,” असं पुटपुटले आणि तोच स्कॅन पुन्हा पाठवला. दोन सेकंद! टाळ्यांचा कडकडाट झाला.

मागे उभ्या असलेल्या तंत्रज्ञाने नवी फाईल पाठवून पाहू, असं सुचवलं. मुख्य डॉक्टर म्हणाले, “तुम्हाला दुधात माशी शोधायची खोडच आहे.” शिवाय बाबांना चकतीच्या जोडीला दुसरा उपाय चालत नव्हता, एका म्यानात दोन तलवारी कशा राहणार? तंत्रज्ञाने फाईल वेगाने पाठवण्यासाठी बसवलेला प्रोग्राम बाबांनी प्रयोगाआधीच बंद करायला लावला होता; आता तो दोन्ही टोकांवरून काढायला लावण्यात आला.

आठ दिवसांनी तंत्रज्ञाच्या मावशीला अर्धांगाचा झटका आला. आईच्या माघारी तिनेच त्याला वाढवलं होतं. स्कॅन तज्ज्ञाने पाहिल्याशिवाय इथले डॉक्टर पुढचे उपचार सुरू करणार नव्हते. मुख्य डॉक्टरसाहेबांनी स्वतः चकती नीट बसवली, बटण दाबलं. एक टक्का. मग दोन.

“आज का जात नाही?” साहेबांनी विचारलं.

“त्या दिवशीही दुसऱ्यांदा काही गेलं नव्हतं, साहेब,” तंत्रज्ञ म्हणाला. “ आपलं यंत्र आधी विचारतं, ही फाईल आहे का? पलीकडे ती नुकतीच पोचलेली. पलीकडच्या यंत्राने ‘आहे’ म्हटलं, संपलं. त्यानंतरचा हा पहिलाच नवा स्कॅन आहे.”

लांबच्या वाटेवर एक गठ्ठा पाठवायचा आणि पोच येईपर्यंत थांबायचं, असं चाललं होतं. तंत्रज्ञाचा प्रोग्राम पोचेची वाट न पाहता एकदम अनेक गठ्ठे वाटेला लावायचा.

साहेबांचा आवाज उतरला. “मग तुमचं ते पुन्हा बसवा.”

“पलीकडेही बसवावं लागेल. तिथला माणूस आज रजेवर आहे.”

तो वॉर्डात गेला. मावशीने जड जिभेने विचारलं, “पोचलं का रे?”

“पोचतंय,” तो म्हणाला. त्याच्या हातात तेवढंच होतं.

चाळीस मिनिटांनी स्कॅन पोचला. तज्ज्ञाचं उत्तर पाच मिनिटांत आलं. मावशी वाचली, उजवा हात मात्र गेला तो गेलाच. उत्तर अर्धा तास आधी आलं असतं तर हात वाचला असता का, हे कुणीच सांगू शकलं नाही.

चमत्काराला टाळी जरूर वाजवा. फक्त त्याआधी, पलीकडे कधीच न पोचलेली एक फाईल पाठवून दाखवायला सांगा.