प्रवासी दोन

आमचे हे बस डेपोत वेळापत्रकं करतात. बावीस वर्षं तेच काम केलं की माणसाचं काय होतं, ते मला विचारा. आमच्या घरात आमटीलाही सुटण्याची वेळ असते.

तर यंदा समुद्राच्या कडेकडेने चार दिवस गाडीने जायचं ठरलं. यांनी वेळापत्रक छापून, प्लास्टिकमध्ये घालून गाडीच्या काचेला लावलं. 'खडक, पाच मिनिटं. पूल, तीन मिनिटं. दीपगृह, आठ मिनिटं.' आठ वर्षांच्या धाकट्याला कंडक्टर नेमलं आणि हातात घंटी दिली. प्रत्येक थांब्यावर माणसं मोजायची, डबल बेल द्यायची, की गाडी सुटली. ड्रायव्हर, कंडक्टर आणि मदतनीस हे कर्मचारी, ते मोजायचे नाहीत. नियम म्हणजे नियम. मदतनीस कोण? खाऊचे डबे, टॉवेल, ओकारीच्या पिशव्या आणि कुत्र्याचं भांडं घेऊन सगळ्यात मागच्या सीटवर कोंबलेली मी! म्हणजे प्रवासी दोन: थोरली मुलगी आणि कुत्रा. त्या कुत्र्याला आम्ही साहेब म्हणतो, कारण घरात त्याच्याशीच सगळे आदबीने बोलतात.

मला या सहलीत एकच गोष्ट हवी होती. समुद्रात पाय बुडवायचे होते. बास! लग्नाआधी यांनीच कबूल केलं होतं, त्याला बारा वर्षं झाली. पण पहिले दोन दिवस समुद्र नुसता उजव्या हाताला पळत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, "अहो, दहा मिनिटं वाळूत थांबू या ना."

"वेळापत्रकात वाळू नाहीये. आणि खिडकीतून दिसतोय की समुद्र!"

"दिसायला कॅलेंडरवरही दिसतो."

"तुला काय जातंय बोलायला? नुसतं मागे बसून तर राहायचंय."

नुसतं बसून! माझं डोकं असं फिरलं म्हणता! मांडीवर धाकट्याची ओली चड्डी, पायांवर साहेबांचं बूड, आणि म्हणे नुसतं बसून. मी तोंडाला कुलूप लावलं. बोलणार नाही म्हणजे नाही.

दीपगृहापाशी थांबलो. दीपगृह कोणी पाहिलं नाही, कारण आठातली सहा मिनिटं फोटो काढण्यात गेली. साहेबांनी भर पायवाटेवर आपला कार्यभाग उरकला. तो पिशवीत भरून कचऱ्याच्या डब्यात टाकायला कोण जाणार? मदतनीस. धाकटा साहेबांना घेऊन गाडीकडे पळाला. मी नळावर हात धूत होते तेवढ्यात त्याचा आवाज ऐकू आला, "प्रवासी दोन, बरोब्बर!" ट्रिंग ट्रिंग. आणि गाडी गेली.

मी ओरडले, धावले, एक चप्पल निसटली. पण वेळेवर सुटलेली गाडी यांनी आजवर कोणासाठी थांबवलेली नाही.

पर्स गाडीत होती, पण फोन खिशात होता. खोटं कशाला बोलू? फोन हातात घेतला, नंबर काढला, आणि मग मनात आलं, कशाला? बघू तरी, किती वेळात कळतंय. खाली वाळू दिसत होती. राहिलेली चप्पलही तिथेच टाकली आणि सरळ पाण्यात गेले.

आई गं! काय सांगू! गुडघ्यापर्यंत पाणी, तळव्यांखालची वाळू सरकतेय, आणि कोणी "आई, पाणी" म्हणत नाहीये. मी खुदकन हसले. मग जरा रडलेसुद्धा. दहा मिनिटं झाली, वीस झाली. फोनकडे बघत होते. तिसाव्या मिनिटाला मात्र माझं मलाच वाईट वाटायला लागलं.

पन्नासाव्या मिनिटाला गाडी आली. दार उघडल्याबरोबर साहेबांनी खाली धाव घेऊन पाण्यात उडी टाकली, पाठोपाठ थोरली आली. हे काठावर बूट सांभाळत उभे राहिले. चेहरा पार उतरला होता, पण बोलले काय? "फोन का नाही केलास?"

"तुम्ही का नाही केलात?"

धाकटा मध्येच म्हणाला, "आई, आम्हाला वाटलं तू रुसलीयेस. बाबांनी पाणी मागितलं, तू दिलं नाहीस. बिस्किटं मागितली, ती पण दिली नाहीस. ताईच्या कानात तर गाणी होती. मग बाबा तुला सॉरी म्हणाले. दोनदा! म्हणाले, माझं चुकलं, तुझं फार काम असतं. तरी तू गप्पच. मग त्यांनी वळून बघितलं."

मी यांच्याकडे पाहिलं. कान लालभडक झाले होते. बारा वर्षांत हा माणूस पहिल्यांदा माफी मागतो आणि मी तिथे नसते! ऐकली कोणी, तर टॉवेलांच्या ढिगाने आणि कुत्र्याने.

"काय म्हणालात हो?" मी विचारलं.

"म्हटलंय ना एकदा. चला आता, उशीर झालाय."

"मला ऐकू आलं नाही."

"अगं, सगळ्यांसमोर काय..."

"इथे येऊन म्हणा," मी म्हटलं आणि आणखी चार पावलं आत गेले.

ते काठावर उभे राहिले. घड्याळाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मग खाली वाकले. बुटांच्या नाड्या सोडायला त्यांना बराच वेळ लागला.