चार वर्षं, सहा आवाज

शुभांगीच्या बायोडाटात जून १९९९ नंतर एकदम पांढरं होतं. बी.एस्सी. केमिस्ट्री, मग सातपूरच्या कारखान्यात प्रयोगशाळेतली तीन वर्षं, आणि पुढे काहीच नाही. तीन ठिकाणच्या मुलाखती त्याच जागेवर येऊन थांबल्या होत्या. "चार वर्षं काय केलंत?" "घरी होते." "बरं, कळवू." कळवलं कोणीच नाही.

चौथी मुलाखत सिन्नरच्या एमआयडीसीत, टोमॅटो सॉसच्या कारखान्यात होती. आदल्या संध्याकाळी नवनाथ मुद्दाम नाशिक रोडला तिच्या घरी आला. नवनाथ म्हणजे तिच्या नवऱ्याचा, जीवनचा चुलतभाऊ. त्याचं माती-पाणी तपासायचं दुकान होतं.

"वहिनी, आधी हे भगदाड बुजवा," म्हणत त्याने लेटरहेडवरचं पत्र पुढे केलं. सौ. शुभांगी यांनी जून १९९९ ते मे २००३ आमच्याकडे सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा केमिस्ट म्हणून काम केलं. खाली सही, शिक्का.

"भाऊजी, मी तुमच्या दुकानात कधी चहालासुद्धा आले नाही."

"मग आज या, पाजतो. झाला की अनुभव!"

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून पहिली पाळी करून आलेला जीवन हसला. सासूबाई, शकुबाई, मेथी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "शिक्का मारलाय ना त्यानं? मंग घे की. साहेबाला काय सपान पडनार हाय?"

शुभांगीने पत्र फायलीत ठेवलं. चौथा नकार पचवायची तिची तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचे प्रमुख खैरनार यांनी चष्मा कपाळावर सरकवून बायोडाटा वाचला आणि बोट बरोबर तिथेच आणून ठेवलं.

"इथे चार वर्षांचा गॅप आहे."

शुभांगीचा हात फायलीत गेला. पत्राचं टोक बोटांत आलं आणि तिला त्यातली वेळ आठवली. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. सकाळी नऊला ती कुठे असायची? सतरंजीवर, आपल्या लेकीसमोर, संजनासमोर. कुकरची शिट्टी झाली तरी अकरा महिन्यांचं पोर दचकत नाही, हे घरात पहिल्यांदा तिच्याच लक्षात आलं होतं. "शांत आहे गं पोरगी," असं सगळे म्हणत होते, तेव्हा तिने पोरीच्या पाठीमागे जाऊन स्टीलचं झाकण आपटून पाहिलं होतं. तपासणीचा कागद हातात आला त्याच आठवड्यात तिने राजीनामा दिला. आता हे पत्र खरं मानायचं, तर संजनाला "पाणी" म्हणायला कोणी शिकवलं?

तिने पत्र आत ढकललं.

"घरी होते, सर. माझ्या मुलीला ऐकू येत नाही. तिला बोलायला शिकवत होते."

खैरनारांचा आवाज मऊ झाला. "अरेरे."

"अरेरे म्हणायची वेळ गेली, सर. आता बोलते ती. जरा जास्तच बोलते."

ते हसले, पण मान काही हलेना. "हे कौतुकाचंच आहे, मॅडम. पण चार वर्षं इन्स्ट्रुमेंटला हात नाही. इथे एक लॉट चुकीचा पास झाला, तर दुकानात बाटल्या फुगतात. मला हात बसलेला माणूस लागतो."

"इन्स्ट्रुमेंट रोज हातात होतं," शुभांगी म्हणाली. आवाज चढल्याचं तिचं तिलाच जाणवलं, पण आता थांबायचं नव्हतं. "तिचं कानाचं मशीन. सकाळी आधी बॅटरी बघायची. मग तिच्या मागे उभं राहून, तोंड झाकून सहा आवाज काढायचे. आ, ऊ, ई, म, श, स. आवाज आला की ती वाटीत मणी टाकते. 'स'ला मणी पडला नाही, तर मी पोरीला रागवत नाही. आधी वायर बघते, मग कानातला साचा. मशीन तपासल्याशिवाय रीडिंगला नावं ठेवायची नाहीत. तुमच्याकडे वेगळं असतं का?"

खैरनारांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "रोज?"

"रोज. दिवाळीलाही. ती तापाने फणफणलेली असली तरी."

"नोंद?"

"अकरा वह्या आहेत. कोणता शब्द कधी ऐकला, किती अंतरावरून ऐकला, स्वतः कधी म्हणाली, सगळं तारखेनिशी."

"किती शब्द झाले?"

"मार्चपासून मोजणं सोडलं, सर. मोजायला उसंतच देत नाही."

"आणि तुम्ही इथे आल्यावर तिचं कसं?"

हा प्रश्न ती स्वतःलाच दिवसातून दहादा विचारत होती. "यंदा पहिलीत घातलीय, सगळ्यांसारख्या शाळेत. सकाळची तपासणी करूनच मी निघणार. दुपारी सासूबाई आणतील. वायर बदलायला शिकल्यात त्या. जीव खालीवर होतो माझा, खोटं नाही सांगत. पण जमेल."

खैरनार उठले आणि तिला आतल्या टेबलाशी घेऊन गेले. आंबटपणा मोजायचा पीएच मीटर होता, शेजारी तो जुळवून घ्यायच्या द्रावणांच्या, सात आणि चार पीएचच्या, दोन बाटल्या. "लावून दाखवा."

तिने इलेक्ट्रोड धुतला, न घासता कागदाने नुसता टिपला. सातच्या द्रावणात मीटर लावून घेतला. चारची बाटली उचलली आणि लेबलावरची उघडल्याची तारीख उजेडात धरून वाचली.

"ही बाटली उघडून दोन महिने झालेत, सर. हिच्यावर मीटर लावला, तर दिवसभराचं सगळं चुकेल. नवी द्या."

टेबलापलीकडे काम करणारा मदतनीस गडबडीने कपाटाकडे वळला. खैरनार त्याच्याकडे बघत राहिले, मग शुभांगीकडे.

"सोमवारी या. तीन महिने काम बघू, मग पक्कं. आणि हेडऑफिसला अर्जात रिकामी जागा चालत नाही. त्या चार वर्षांचं लिहून द्या."

"काय लिहू?"

"मला सांगितलंत तेच."

बाहेर क्लार्कने छापील अर्ज दिला. 'संस्था' या रकान्यात तिने लिहिलं, घर, नाशिक रोड. 'पद' पाशी पेन क्षणभर थांबलं. मग तिने ठसठशीत अक्षरात लिहिलं, आई. 'कामाचे स्वरूप' पाशी मात्र ती थांबलीच नाही. बॅटरी, सहा आवाज, कानाच्या मापाने दर काही महिन्यांनी बदलावा लागणारा साचा, अकरा वह्या. रकाना भरला, समास भरला.

क्लार्क वाकून बघत म्हणाला, "मॅडम, बास की आता. मावत नाही."

"मागची बाजू कोरी आहे ना?" शुभांगी म्हणाली, आणि तिने कागद उलटा केला.