श्वास ऐकू येता कामा नये

“नाक ओढा अण्णा. पटकन. सर्दी झाल्यासारखं,” मुलगी म्हणाली आणि हातातला सोनोग्राफीचा प्रोब तिने वडिलांच्या बरगड्यांखाली, पोटाच्या खळगीत जरा आणखी दाबला.

अण्णांनी श्वास घेतला. संथ, खोल आणि अजिबात आवाज न करता. पडद्यावर यकृतामागून हृदयाकडे जाणारी जाड काळी शीर त्या श्वासाबरोबर खाली सरकली आणि चित्रातून निघूनच गेली.

“हा श्वास झाला. मला नाक ओढायला हवंय.”

“ओढलं की.”

“मग ऐकू कुठे आलं?”

“ऐकू येता कामा नये,” अण्णा छताकडे बघत म्हणाले.

संगणकापाशी बसलेल्या टेक्निशियनबाईंनी तोंडावर हात ठेवून हसू दाबलं. हसणार नाही तर काय! अण्णांनी अख्खी नोकरी रेडिओवर बातम्या वाचण्यात घालवली होती, आणि मायक्रोफोनला आपला श्वास कधी कळू दिला नाही, हा त्यांचा अभिमान होता. नाकावर माशी बसू न देणारा माणूस. तो कुणाच्या सांगण्यावरून नाक ओढणार होता? घरातही तोच नियम. रागावायचं तर पूर्णविराम पाळून रागावायचं, रडायचं तर नाक न ओढता. ज्या दिवशी त्यांची स्वतःची आई गेली, त्या संध्याकाळीही त्यांनी पूर, निवडणूक आणि हवामान अशा क्रमाने बातम्या वाचल्या होत्या, आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणालाही काही कळलं नव्हतं. ही गोष्ट मुलीने लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती की ती पाठ झाली होती. दर वेळी तिला बापाचा अभिमान वाटे आणि मनातून थोडी भीतीही वाटे.

म्हणूनच गेल्या महिन्यात आईचा फोन आला, तेव्हा ती हातातलं काम टाकून निघाली होती. आई एवढंच म्हणाली होती, “अगं, तुझ्या अण्णांचा श्वास ऐकू येतोय.”

हृदयाची डावी बाजू थकली होती आणि तिथली झडप गळत होती. झडप दुरुस्त करायला सर्जन तयार होता, पण एका अटीवर. “डावीकडचं मी बघतो,” तो म्हणाला होता, “पण ऑपरेशननंतर सगळा भार उजव्या बाजूने पेलला पाहिजे. ती टिकणार नसेल, तर मी हात लावणार नाही. उगाच आगीतून फुफाट्यात नको.” उजव्या कप्प्याची हालचाल बरी होती. अडलं होतं ते या शिरेपाशी. नाक ओढलं की ती निम्म्याहून जास्त मिटायला हवी. तशीच फुगलेली राहिली तर उजवीकडे रक्त तुंबलंय असा अर्थ. काल तिच्या सहकारी डॉक्टरने तपासणी केली आणि शेरा मारला, शीर मिटत नाही. नंतर कॉफी पिताना तो तिला म्हणाला, “खरं सांगू? त्यांनी नाक ओढलंच नाही. मी हात टेकले बाई. तूच बघ.” दुपारी सर्जन निर्णय घेणार होता.

आता तीही हात टेकायच्या बेतात आली होती.

“असं करा,” म्हणून तिने स्वतः नाक ओढून दाखवलं.

अण्णांनी कपाळाला आठी घातली. “अगं भिंगरे, या सवयीवरून तुला लहानपणी किती ओरडलोय मी.”

“तेच तर! सवय मोडलीत, आता शिकवा परत.”

“तुमच्या बातम्यांवर आमच्याकडे घड्याळ लावायचे हो,” टेक्निशियनबाई मध्येच म्हणाल्या. “माझ्या सासूबाई तर तुमच्या ‘नमस्कार’ला उलट नमस्कार करायच्या.”

अण्णा खूष झाले आणि त्यांनी आणखी एक निःशब्द, राजेशाही श्वास घेतला. शीर पुन्हा खाली गेली.

मुलीने डोळे मिटून घेतले. मग हात तिथेच ठेवून, निदान बाकीचं तरी उरकावं म्हणून ती आधी झालेली मोजमापं बाईंना सांगू लागली. खालच्या आवाजात, भराभर, डॉक्टर डॉक्टरांशी बोलतात तशी.

“कुजबुजू नकोस,” अण्णा म्हणाले. “बातमी माझी आहे. मला कळेल अशी वाच.”

तिने बाईंकडे पाहिलं. बाईंनी नजर कीबोर्डवर वळवली.

“अण्णा, नंतर सांगते ना मी तुम्हाला सगळं. घरी.”

“आत्ता.”

तिने पाठ ताठ केली आणि ती वाचायला लागली.

“रुग्ण पुरुष, वय सदुसष्ट. हृदयाचा डावा कप्पा आकाराने वाढला आहे. त्याची आकुंचनाची ताकद निम्म्याने कमी झाली आहे. डाव्या झडपेतून मोठ्या प्रमाणावर गळती आहे. शस्त्रक्रिया न झाल्यास त्रास वाढत जाईल, आणि जिवाला धोका संभवतो.”

इथे ती थांबली. जेवढं थांबायला हवं तेवढीच.

“उजव्या कप्प्याची हालचाल किंचित मंद, परंतु समाधानकारक आहे. उजव्या झडपेची गळती सौम्य आहे. शिरेविषयीचा निष्कर्ष अद्याप प्रलंबित आहे.”

कुठल्याही शब्दाचं शेपूट तिने खाल्लं नाही. ‘धोका संभवतो’ तिने जसं वाचलं, तसंच अण्णा ‘तुरळक पावसाची शक्यता’ वाचत. खाण तशी माती म्हणतात ते उगाच नाही. टेक्निशियनबाईंची बोटं मात्र मध्येच थांबली होती.

आता चूक काढली जाणार, म्हणून ती वाट बघत राहिली. शाळेतलं पहिलं भाषण संपल्यावर अण्णा म्हणाले होते, “‘विशेष’मधला ‘ष’ कुठे गेला?” या विभागाची प्रमुख झाल्याचं तिने फोनवर कळवलं तेव्हा म्हणाले होते, “‘विभागप्रमुख’ सलग म्हण. तोडू नकोस.” त्यापुढे काही नाही. आईने फोन घेऊन आनंदाने आरडाओरडा केला होता, तो भाग वेगळा.

अण्णांनी मान वळवून तोंड भिंतीकडे केलं. यंत्राचा पंखा घरघरत राहिला.

आणि मग तो आवाज आला. बारीक, ओला, पटकन ओढलेला.

पडद्यावरची शीर मिटली. बटव्याचं तोंड नाडीने आवळावं तशी मिटली, उघडली, आणि दुसऱ्या आवाजासरशी परत मिटली. तिने बटण दाबून चित्र साठवलं. तिचा हात जराही हलला नाही.

“तुम्ही मोजा बाई,” ती म्हणाली. “मी मोजणार नाही. माझ्यावर विश्वास नको.”

बाईंनी रेघा ओढल्या. पुसून पुन्हा ओढल्या. “निम्म्याहून जास्त मिटतेय मॅडम. चांगली जास्त. दुसऱ्या वेळीही तेवढीच.”

“सर्जनना चित्रं पाठवा. कालच्या साहेबांनाही दाखवा, त्यांना स्वतः मोजू द्या.”

“हो. आणि...” बाई घुटमळल्या. “तुम्ही तर या वेळी नाक ओढायला सांगितलंच नव्हतं. इथे काय लिहू?”

“लिहा, रुग्णाने सहकार्य केलं.”

“गारठा किती तुमच्या खोलीत,” अण्णा भिंतीला म्हणाले. “सर्दी होईल माणसाला.”

बाईंनी चित्रं पाठवली आणि फोन उचलून सर्जनच्या खोलीचा नंबर फिरवला. “सर, उजवी बाजू चांगली आहे,” त्या म्हणाल्या, आणि पलीकडचं ऐकून हसत मुलीकडे बघून त्यांनी मान हलवली. ऑपरेशन होणार होतं.

मुलीने प्रोब उचलला. कागदी रुमालाने वडिलांच्या पोटावरचा जेल पुसला आणि सदऱ्याची बटणं लावायला घेतली.

“अण्णा, वाचताना काही चुकलं का माझं?”

ते जरा थांबले. सवयच होती त्यांची, महत्त्वाच्या बातमीआधी थांबायची.

“श्वास ऐकू आला नाही तुझा,” अण्णा म्हणाले. “एकदाही नाही.”

तिने शेवटचं बटण लावलं. आणि मग तिने नाक ओढलं, चांगलं खोलीभर ऐकू जाईल असं. अण्णा तिला ओरडले नाहीत.