रंभाबाईचा लांबलेला फोटो

मार्तंडसरांकडे फोटोग्राफी शिकायला येणाऱ्या पोरांची पहिली निराशा ठरलेली असे. घरच्यांच्या मागे लागून घेतलेला नवा कोरा कॅमेरा गळ्यात मिरवत यावं, आणि सरांनी पहिल्याच शनिवारी तो पिशवीत ठेवायला लावावा. एक माणूस निवडा, त्याच्याकडे जात राहा, चहा प्या, गप्पा मारा. तुम्ही आलात म्हणून तो सावरून बसायचं सोडेल, तेव्हा कॅमेरा बाहेर काढा. निम्मी पोरं दिवाळीच्या आत गळत. गळालेल्यांना सर नावं ठेवत नसत आणि टिकलेल्यांचं कौतुकही करत नसत. सदर भागातल्या त्यांच्या त्या माडीवरच्या खोलीकडे कौतुक मुळी फिरकतच नसे.

दीप्ती टिकली. आठवडाभर ऑफिसात कॉम्प्युटरसमोर मान मोडायची आणि रविवारी प्रताप नगरहून निघून मौद्याची बस धरायची, असा तिचा क्रम झाला. मौद्याला सरांनी तिला रंभाबाईचं घर सांगितलं होतं. रंभाबाईनं उभा जन्म सातऱ्यावर काढला होता. सातरा म्हणजे मिरची वाळवायचं मोकळं मैदान. तिथं बाया दिवसभर बसून मिरचीचे देठ खुडतात आणि खोकतात. लाल ढिगात बसून पोट धरून हसणाऱ्या तरुण रंभाबाईचा फोटो सरांच्या खोलीत भिंतीवर होता. त्याच फोटोनं सरांचं नाव झालं होतं. आता म्हाताऱ्या रंभाबाईचा तसाच एक जिवंत फोटो मिळाला, तर हिवाळ्यातल्या प्रदर्शनात दीप्तीला जागा मिळणार होती. नाही मिळाला तर नाही. सरांकडे दयामाया नव्हती.

पहिल्या दिवशी दीप्तीनं दारातूनच जयभीम घातला. कोण, कुठली, काहीही न विचारता रंभाबाईनं पोतं अंथरलं आणि चहा टाकला. पुढच्या खेपांना भाकर झाली, भांडणं झाली, दीप्तीच्या केसांना तेल लावून झालं. दीप्तीच्या घरी वडील आणि भाऊ, दोघेही तोंडाला कुलूप लावल्यासारखे. आई गेल्यापासून उशीर झाला म्हणून तिच्यावर रागावणारं कुणी राहिलं नव्हतं. रंभाबाई मात्र बस चुकली तरी रागवायची. दीप्तीला ते फार हवं होतं, इतकं की कधी कधी कॅमेऱ्याची आठवणही राहत नसे.

अखेर सरांनी परवानगी दिली, आणि म्हातारीनं त्याच दिवसापासून अंग चोरायला सुरुवात केली. आज डोकं विंचरलं नाही. आज चांगलं लुगडं धुवायला टाकलं. आज डोळा आला. आज शेजारीण रुसली आहे, तोंडावर हसू येणार नाही. शेजारणीचा रुसवा ऐकल्यावर दीप्तीनं कपाळाला हात लावला. प्रदर्शन तोंडावर आलेलं, बाकीची पोरं फोटोंचे गठ्ठे घेऊन जिना चढत होती, आणि हिची पाटी कोरी. एका रविवारी तिचा तोल गेला. काढू द्यायचा नसेल तर तसं सांगून टाक, असं ती फटकन बोलून गेली.

रंभाबाई बराच वेळ चुलीतला विस्तव सारखा करत राहिली.

"फोटो होत नाई तवरिक मानूस येत राह्यते वं," ती म्हणाली. "तुया सर असाच यायचा. माह्या हातचं जेवायचा, मले बहीण म्हणायचा. एक दिवस फोटो काढला अन् मंग आलाच नाई. मी लई वाट पाह्यली." मग हळूच तिनं विचारलं, "बरा हाय का तो?"

दीप्तीनं शनिवारी हे सरांना जसंच्या तसं सांगितलं. सर भिंतीवरच्या फोटोकडे पाठ करून बसले. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता राहून गेलं, म्हणाले. मग गुडघ्याचं काढलं, मग बसच्या गर्दीचं. रंभाबाईला दर रविवारी नव्या सबबी कुठून सुचतात याचं कोडं दीप्तीला त्या दिवशी राहिलं नाही. दोघंही एकाच मुशीतली होती.

पुढच्या रविवारी ती पोचली तेव्हा ओसरीवर गाठोडी बांधलेली होती. मुलगा प्रेमानंद आईला कायमची पुण्याला न्यायला आला होता, दुपारी गाडी निघायची होती. रंभाबाईनं तिला आपणहून जवळ बोलावलं.

"आता काढ माय फोटो," ती म्हणाली. "आता मीच चालली."

दीप्तीनं अंगणाच्या कडेला जाऊन सरांना फोन लावला. आज शेवटचा दिवस आहे, निघा, म्हणाली. सर एवढंच म्हणाले, बघतो. दीप्ती परत आली, आणि म्हातारीच्या तोंडाकडे पाहून तिच्यानं 'बघतो' म्हणवेना. सर येताहेत, असं तिनं सांगून टाकलं.

रंभाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि उंबऱ्यावर रस्त्याकडे तोंड करून बसली. कॅमेरा, दीप्ती, सामान हलवणारा मुलगा, कशाचंही तिला भान राहिलं नाही. दीप्तीनं फोटो काढले. महिनोन्‌महिने जे हवं होतं ते समोर आयतं बसलं होतं. गाडीचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. प्रेमानंदनं आईला दंडाला धरून उठवलं. रस्त्यावर कुणी आलं नाही.

शनिवारी इतर पोरं यायच्या आधीच तिनं तो फोटो सरांपुढे ठेवला. सरांनी तो उजेडात धरला, जवळ नेला, लांब धरला.

"चांगला आहे," ते म्हणाले. हा शब्द दीप्ती त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होती. त्यासाठी तिनं किती रविवार घातले होते. सर फोटोत बुडून गेले होते. "कॅमेऱ्याचा पत्ताच नाही हिले. डोळे पाह्य. कोणाची वाट पाहून राहिली ही?"

"तुमची, सर," दीप्ती म्हणाली. "तुम्ही येऊन राहिले म्हणून मीच सांगितलं होतं तिले."

जिन्यावर पोरांचे पाय वाजायला लागले होते. सरांनी फोटो खाली ठेवला नाही, आणि त्या शनिवारी शिकवणी झाली नाही.